किरायदाराले ब्रेक

आमचे गणपतराव सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेत क्लार्क होते. हो, नवऱ्याचं नाव घेते मी. सरळ घेते, उखाणा लावत बसत नाही. ज्याले त्रास होत असन त्यानं कान झाकावे. त अशा या गणपतरावायनं नोकरीभर एकच काम मन लावून केलं, रोजंदारीवाल्यायले ब्रेक देणं. टेम्पररी माणूस सलग कामावर राहिला त उद्या म्हणन, मले पर्मनंट करा. म्हणून मुदत संपली की त्याले दोन-तीन दिवस घरी बसवायचं, मंग नवीन ऑर्डर काढून त्याच खुर्चीवर पुन्हा आणून बसवायचं. माणूस तोच, खुर्ची तीच, पण कागदावर खंड पडला. तसा खंड पाडून घरी आले की हे दोन पोळ्या जास्त खायचे.

रिटायर झाले अन् ब्रेक द्यायले कोणी उरलं नाही. रिकामा माणूस काय करन? नजर गेली वरच्या माळ्यावर.

सक्करदऱ्याले तलावाच्या मागं आमचं घर. खालचं सासऱ्यायनं बांधलेलं. वरचा माळा मात्र माझ्या डब्यायवर उभा राहिला. कॉलेजच्या पोरायले वर्षानुवर्षं डबे दिले, उन्हाळ्यात गॅससमोर उभी राहून पोळ्या लाटल्या, तेव्हा कुठं दोन खोल्या अन् किचन वर चढलं. नाव मात्र यायचं, म्हणजे गणपतरावायचं, लागलं. घर बापाचं म्हणून वरचंही बापाच्या पोराचं, असा सीधा हिशेब. माळा मात्र मी माझाच समजत होती, अन् तिथं कोण राहीन हे मीच ठरवत होती.

अटी ठरवायचं काम तेवढं यायचं. वकील म्हणे, काका, छापील फॉर्म मिळते. हे म्हणे, छापील फॉर्मात पळवाटा असतात. मंग यायनं स्वतः अग्रीमेंट लिहिलं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कुलरमधे पाणी सकाळीच भरायचं, अन् टाकी वाहू द्यायची नाही. पाहुणा आला त आधी सांगायचं. किरायदाराकडं सुतक आलं त ते जिन्यावर थांबलं पाहिजे, खाली उतरता कामा नये. सुतकाले हे कसं कळवायचं, ते काही यायनं लिहिलं नव्हतं. अन् सगळ्यात शेवटी यायची लाडकी अट: अकरा महिने झाले की माळा सामानासकट खाली करायचा, तीन दिवस कुलूप, अन् चौथ्या दिवशी, आम्हाले वाटलं त, नवीन अग्रीमेंट.

"काहून पण?" मी विचारलं. "कागद नवीन करा न. सामान कायले काढायले लावता?"

"तुले नाही समजत," हे म्हणे. "सलग राहिला की किरायदार मालक होते. धोंडबाचं काय झालं?"

धोंडबा म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा. त्यानं आपलं घर पोराच्या नादी लागून स्वतः विकलं, हे गल्लीतल्या कुत्र्यायले बी माहीत आहे. पण यायच्या डोक्यात पक्कं बसलं, की किरायदारानं गिळलं. वकील म्हणाला, काका, असा काही नियम नसते. हे त्याले म्हणाले, तुम्ही आस्थापनेत काम केलं का कधी? त्या बिचाऱ्यानं कानाले हात लावला.

व्हायचं तेच झालं. एकदा गेलेला किरायदार परत येतच नव्हता. ज्यानं फ्रीज जिन्यावरून उतरवला, तो चौथ्या दिवशी पुन्हा कायले चढवन? हे म्हणत, पाहा, ब्रेक दिला म्हणून टळला. अन् मी आपली दरसाली नवीन माणसायच्या सवयी शिकत बसायची.

मंग प्रशिक अन् रितिका आले. प्रशिक बुटीबोरीले कापडाच्या कारखान्यात, शिफ्टवाला. रितिका घरीच ब्लाउज शिवते. त्यायची पोरगी खुशी तेव्हा पहिलीत जायची होती. यायले आडनावावरून जात काही कळेना, तसे हे आडून-आडून चालू झाले: गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, लग्न कोणत्या पद्धतीनं. पोट्टा हुशार. म्हणे, "काका, आम्ही बौद्ध आहो. घरात बाबासाहेबांचा फोटो लागन. चालते का?"

हे असे गडबडले. म्हणे, "फोटोचं काही नाही गा... पण खिळा..."

"शोकेसवर ठेवू. खिळा नाही लागत."

मी आतून म्हटलं, "चालते." अन् चहा टाकला. विषय संपला.

सांगते, असे किरायदार नशिबानं मिळतात. रितिका अन् मी उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घातल्या, पापड घातले, गल्लीभराच्या बायकायची निंदा केली. पोरगी माझी उन्नती रायपूरले दिली. ती फोनवर जे बोलत नाही, ते ही जिन्यात उभी राहून बोले. खुशी त दिवसभर माझ्या मागं. तिची शाळाही आमच्या मागच्या गल्लीत पक्की झाली. मले वाटलं, आता काही हे लोक जात नाही.

पण अकरा महिने भरले, अन् भरले ते नेमके मे महिन्याच्या शेवटी. नवतपा चालू, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. डांबर चपलेले चिकटून राहिलं होतं, अन् आमचे गणपतराव जिन्यात उभे राहून प्रशिकले म्हणून राहिले होते, "बेटा, ब्रेक घ्या लागते."

"काका, तीन दिवस जाऊ कुठं? लग्नसराई आहे, लॉजा भरल्या. सामान कुठं ठेवू?"

"ते तुमचं तुम्ही पाहा. नियम आहे."

माझं टाळकं सणकलं. मी म्हटलं, "खाली आपल्या हॉलमधे या सारे. माळा रिकामा पाहिजे न? घ्या, रिकामा."

हे विचारात पडले. अग्रीमेंट काढून पुन्हा वाचलं. मंग म्हणाले, "हॉल अग्रीमेंटमधे नाही. चालते." जसं काही यायनंच शोधून काढलं.

झालं. प्रशिकचे दोन मित्र आले, अन् अख्खा संसार जिन्यावरून उतरला. आमच्या फ्रीजच्या बाजूले त्यायचा फ्रीज, आमच्या कुलरच्या तोंडासमोर त्यायचा कुलर, देवाऱ्यासमोर खुशीची सायकल. टीव्हीपर्यंत जायचं त शिलाई मशीन ओलांडा लागे. गणपतराव मात्र खुश. रिकाम्या खोल्यायमधून एक चक्कर मारली, भिंतीवर खिळ्याचं भोक आहे का पाहिलं, कुलूप ठोकलं, चाबी बनियनच्या खिशात टाकली अन् सोफ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात पेपर घेऊन बसले. दुपारी रितिकानं सावजी रस्सा केला त तीनदा वाढून घेतला. मी म्हटलं, ब्रेकमधल्या माणसाच्या हातचं चालते का? यायनं ताट पुढं केलं. तोंड भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बंटी आला. बंटी म्हणजे यायच्या धाकट्या भावाचा पोरगा. जरीपटक्यात मोबाइलच्या कव्हरायचं दुकान आहे. बोलायले इतका गोड, की पिंपळाचा मुंजा बी त्याले किरायानं झाड देईन. दारातच थबकला. म्हणे, "काका, हे काय धर्मशाळा काढली का?"

यायनं मोठ्या अभिमानानं ब्रेकची सारी गोष्ट त्याले सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, "म्हणजे वरचा माळा आता रिकामा आहे?"

मले तिथंच खटकलं. पण मी बोलेपर्यंत त्याचं चालू झालं होतं: घरी टाइल्सचं काम काढलं, धूळच धूळ, रात्री झोपायची सोय नाही, दोन दिवस वर पडतो काका. यायनं बनियनच्या खिशातून चाबी काढली अन् दिली. इतक्या सहज, की मी कधी भाजीले थैली बी तेवढ्या सहज मागून घेऊ शकली नाही.

"अग्रीमेंट?" मी विचारलं.

"घरच्या पोट्ट्याशी अग्रीमेंट करू का? लोक शेण घालतील तोंडात."

संध्याकाळी छोटा हत्ती टेम्पो दारात उभा राहिला. दोन दिवस झोपायले आलेल्या माणसानं डबलबेड आणला, सोफा आणला, एसी आणला, अन् काचेचं मोठं टेबल आणलं. एसी बसवायले भिंतीत ड्रिल लावली. आमच्या डोक्यावर घर्रर्र असा आवाज, अन् हॉलमधे चुन्याची भुकटी पडून राहिली. प्रत्येक भोकाले गणपतरावायचा चेहरा असा होई, की दाढ उपटून राहिले. पण ड्रिल काही थांबवली नाही. खिळ्याची अट परक्यायसाठी होती.

चौथा दिवस उजाडला. प्रशिकनं रात्रपाळी करून येताना नवीन स्टॅम्प पेपर आणला. बंटी म्हणाला, टाइल्स सुकल्या नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला, काका, इथं ऑफिस टाकायचा विचार आहे, जागा लकी आहे. अन् मंग चहा पिता-पिता, रितिका तिथंच कांदे चिरत बसली असताना, म्हणाला, "किरायदाराले दुसरीकडं पाहायले सांगा न. तुम्हाले काही पोरगा नाही काका. आज न उद्या मलेच पाहा लागन सारं."

रितिकानं विळी बाजूले ठेवली. दुपारी पाहिलं त ती भांडे पुन्हा पेपरात गुंडाळून राहिली होती. म्हणे, "काकू, तुमच्या घरातली गोष्ट आहे. आम्ही मधात नको. खुशीच्या पप्पायचे मित्र बुटीबोरीकडं खोली पाहून राहिले."

"अन् खुशीची शाळा?"

"पाहू तिकडंच कुठं."

ही गेली की हा बसला. हा बसला की माळा गेला, पक्का गेला. किरायदार निघते, पुतण्या निघत नाही. अन् मी ज्या माळ्यासाठी अर्धी जिंदगी गॅससमोर काढली, तिथं मोबाइलचे कव्हरं पडून राहतील.

मी यायले म्हटलं, "आता वर जा अन् सांगा त्याले."

"कसं सांगू वं? रक्ताचं आहे."

"रक्ताचं आहे त ब्लड बँकेत नेऊन ठेवा. माझ्या माळ्यावर कायले ठेवता?"

हे पेपरात तोंड घालून बसले. मंग मीच पदर खोचला अन् वर गेली. बंटी एसी लावून काचेच्या टेबलावर पाय टाकून बसला होता. मी म्हटलं, "बंटी, बेटा, सामान उचल. किरायदाराले जागा पाहिजे."

"काकू, काहून तापून राहिली? बस न थंडीत."

"मले थंडी नाही पाहिजे. हा माळा माझा आहे."

तसा तो हसला. वाईट नाही हसला, लहान पोराले हसतो तसं हसला, म्हणून जास्त लागलं. म्हणे, "काकू, तुझ्या नावावर आहे काय वं या घरात? एक वीट तरी आहे?"

एवढ्यात हे बी जिना चढून आले होते. माझं भांडण ऐकायले आले की थांबवायले, ते यायले बी माहीत नसन. मागं प्रशिक अन् रितिका. मी त्या पोट्ट्याकडं पाहून राहिली. डोळ्यात पाणी आलं. खरंच त होतं. वीट नव्हती.

मंग मी यायच्याकडं वळली. म्हटलं, "अहो आस्थापना, तुम्ही सांगा. सलग राहिला तो मालक होते न?"

"ते किरायदाराचं..."

"माणसाचं. तुम्हीच म्हणता, माणूस कोणी बी असो, खंड नाही पडला की पर्मनंट. मंग सांगा, लग्न होऊन या घरात आली, तवापासून मले ब्रेक दिला का तुम्ही?"

बंटी हसाले लागला. पण हे हसले नाही. यायचा चेहरा हळूहळू बदलला. ऑफिसात फाइल उघडल्यावर होत असन, तसा झाला. म्हणे, "तुझी माय गेली तेव्हा?"

"तुम्ही सोबत होते. संध्याकाळच्या गाडीनं परत आणलं मले. तुमच्या डब्याचं कोण करन म्हणून."

"उन्नतीच्या वेळेस? पहिलं बाळंतपण माहेरी असते."

"तुमच्या आईचा पाय मोडला होता. इथंच झालं."

"भाऊबीजेले?"

"भाऊच येते इकडं. मले कोण पाठवते?"

हे बोटं मोजत उभे राहिले. उन्हाळे आठवून पाहिले, लग्नं आठवून पाहिली, माझं पित्ताचं ऑपरेशन आठवलं. पण तेव्हा बी मले दवाखान्यातून रात्रीच घरी आणलं होतं. ते खरंच शोधून राहिले होते, कसून, एखादा तरी खंड सापडते का म्हणून. मले त्यातली मजा बी वाटून राहिली होती अन् कलेजा बी जळून राहिला होता. साऱ्या जिंदगीत या माणसानं माझ्याबद्दल एवढा वेळ विचार केला, तो त्या दिवशी पहिल्यांदा.

"खंड नाही," हे शेवटी म्हणाले. एकदम ऑफिसच्या आवाजात. मंग बंटीले म्हणाले, "बेटा, माझा अधिकार नाही. घर हिचं आहे. मी तुले चाबी देऊच शकत नव्हतो. नियमबाह्य झालं."

"काका, पागल झाले का?"

क्लार्क माणसाले नात्यासमोर कणा नसते, पण हातात नियम द्या, मंग पाहा. हे खाली उतरले, मीटरपाशी गेले अन् वरच्या माळ्याचा मेन स्विच पाडला. एसी बंद. पंखा बंद. नवतप्याची दुपार, वर तापलेला स्लॅब. बंटीनं आधी बापाले फोन लावला, मंग वकिलाले, मंग घामानं ओला झालेला बनियन पिळला. प्रत्येक फोनले हे खालून एकच उत्तर देत, "मालकिणीले विचारा." ऊन उतरायच्या आत छोटा हत्ती दारात आला. बंटी जाताना यायच्या पाया पडला नाही, पण माझ्या पडला. धंदेवाला पोट्टा आहे, त्याले कळते कुठं पडायचं.

रितिकाचं सामान पुन्हा वर चढलं. खुशी सायकल घेऊन गच्चीवर गेली. नवीन अग्रीमेंटवर मी सही केली, मालकिणीच्या जागी, अन् ब्रेकच्या अटीवर सरळ रेघ मारली. हे बाजूले बसून पाहत होते. प्रशिकनं एसीच्या भोकायमधे सिमेंट भरलं, फक्त एक भोक, मी म्हटलं, राहू दे, तिथं बाबासाहेबांचा फोटो लाव.

आठ-दहा दिवस बरे गेले. हे मले विचारून मोटार चालू करत. एकदा त दुधवाल्याले म्हणाले, "बाई ठरवतील." मले गुदगुल्या होत होत्या. वाटलं, उशिरा का होईना, माणूस सुधारला.

मंग एका सकाळी हे चहा घेऊन आले. स्वतः केलेला. म्हणे, "जयवंताकडं किती दिवसाची गेली नाही तू?"

जयवंता म्हणजे माझी बहीण. उमरेडले राहते, इथून एसटीनं तासा-दीडतासाचा रस्ता. पण मले कधी मुक्काम मिळाला नाही तिच्याकडं. सकाळी जा, संध्याकाळी ये.

"जाऊन ये न," हे म्हणे. "रहा निवांत. मी पाहतो इकडं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. लग्न झालं तवापासून मी या एका वाक्याची वाट पाहिली होती. जयवंताले फोन केला त ती रडाले लागली, म्हणे आंब्याचा रस काढून ठेवते, गच्चीवर झोपू दोघी, रात्रभर बोलू. यायनं कपाटावरून माझी बॅग काढली. पुसली. स्टँडवर जाऊन गाडीचा टाइम पाहून आले. पाण्याची बाटली भरली, अन् फडकं ओलं करून तिले बी गुंडाळलं. रितिका जिन्यात उभी राहून हसून राहिली होती, म्हणे, "काकू, काकांचं काय झालं वं?" मी लाजली. या वयात लाजली मी.

गेटपर्यंत हे बॅग घेऊन आले. ऑटो थांबवला. अन् मले म्हणाले, "तीन दिवस रहा मात्र. त्याच्या आत येऊ नको. तीन पुरे झाले पाहिजे."

मी यायच्या तोंडाकडं पाहिलं. हे ऑटोवाल्याकडं पाहत होते.

ऑटोवाला म्हणे, बसता का बाई? मी म्हटलं, जा बावा तू. बॅग उचलली अन् आत आली. हे मागं-मागं, "अवं, गाडी चुकन न."

"चुकू द्या."

किचनमधे गेली अन् दार लोटून खूप रडली मी. घरासाठी नाही रडली. घर त मी यायले तसंच देऊन टाकलं असतं, मागितलं असतं त. पण एकदा, फक्त एकदा, मले बहिणीकडं जाऊ द्यायचं होतं, मी जावं म्हणून, ब्रेक पडावा म्हणून नाही. मंग तोंड धुतलं, जयवंताले फोन केला अन् सांगितलं, तूच ये इकडं, मले जमत नाही.